सर्किटमध्ये नकाशा बघायचा की नाही?

शहापूरचा_पोऱ्या

बेळगावात नकाशा म्हटला की १९५६ पासूनचं भांडण आठवतं. ते नव्हे. हा कॉकपिटातल्या काचेवरचा नकाशा.

मी सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी) उडतोय. २३ तास झाले, सोलो (एकट्यानं उडणं) अजून मिळालेला नाही. सध्या रोज सर्किट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उडायचं, डावीकडं वळायचं, पुन्हा डावीकडं वळून धावपट्टीला समांतर उलटं जायचं (हे डाउनविंड), मग पट्टीकडं आडवं वळायचं (हे बेस), मग पट्टीच्या रेषेत उतरायला (हे फायनल). चाकं टेकली की परत थ्रॉटल पुढं. तासाला सहा-सात फेऱ्या, घाण्याच्या बैलासारख्या.

आमच्या सेस्ना १७२ मध्ये जी१००० आहे, म्हणजे काट्यांऐवजी दोन स्क्रीन. उजव्या स्क्रीनवर नकाशा, त्यात धावपट्टी आणि सरकणारं आपलं छोटं विमान. परवा इन्स्ट्रक्टर सरांनी कॅलेंडरचं जुनं पान दुमडून त्या स्क्रीनवर खोचलं. डाव्या कडेची इंजिनच्या आकड्यांची पट्टी तेवढी उघडी. समोरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला लहान नकाशाही बंद करायला लावला. म्हणाले, "बाहेर बघ."

त्या दिवशी धावपट्टी २६ चालू होती (पश्चिमेकडं तोंड करून उतरायचं), वारा नैऋत्येचा. लागोपाठ तीन फेऱ्या मी फायनलची रेषा ओलांडून पलीकडं गेलो. नकाशा असता तर डाउनविंडलाच कळलं असतं की मी पट्टीकडं सरकतोय, कारण विमानाच्या पुढं जी रेघ दिसते ती नाक कुठं आहे ते सांगत नाही, आपण खरोखर कुठं चाललोय ते सांगते. एवढी चांगली सोय झाकून शिकवायचं म्हणजे विहिरीवर मोटर असताना मोट हाणायला लावण्यासारखं नाही काय?

खानापूरची_चिमणी

मी सध्या एटीआर या प्रवासी विमानावर को-पायलट आहे. सर्किट तुझ्यासारख्याच सेस्नावर शिकले.

तुझ्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडते. २६ म्हणजे उतरताना तोंड २६० अंशाला, म्हणून डाउनविंडला ०८०. वारा २३० वरून, धर १५ नॉट. म्हणजे डाउनविंडला तो तुझ्या उजव्या खांद्यामागून येतो आणि तुला पट्टीकडं ढकलतो. नाक पाच-सहा अंश उजवीकडं धरलं नाहीस तर अंतर आपोआप कमी होतं. मग बेसला तोंड ३५० ला. तोच वारा आता डाव्या बाजूनं मागून ढकलणार, सुमारे साडेसात नॉटनं.

म्हणजे आधी जागा कमी केलीस, मग जोरात आलास. फायनलचं वळण ३० अंश कलून घेतलं तर साधारण १० सेकंद लागतात. तेवढ्यात वारा तुला ४० मीटर पुढं नेतो. पट्टीची रुंदी किती? ४५ मीटर. वळण कुठं संपलं ते आलं लक्षात?

आणखी एक. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,५०० फुटांवर आहे, त्यावर १,००० फूट सर्किट. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर ६५ नॉट दिसले तरी हवेतला खरा वेग ७० च्या पुढं असतो. वळण पुस्तकातल्यापेक्षा मोठंच पडणार.

यातलं काय बघायला नकाशा लागला असता? पट्टी डाव्या खिडकीत आहे. डाउनविंडच्या सुरुवातीला ती पंखाच्या आधारदांडीवर अर्ध्यात होती आणि शेवटी दांडीच्या बुंध्याशी आली, तर तू सरकलास. बास.

शहापूरचा_पोऱ्या

ताई, हिशेब पटला. पण १७२ चा पंख वर असतो. डावीकडं कललं की तोच पंख खाली येऊन पट्टी झाकतो. ज्या क्षणी बघायचं त्या क्षणी बाहेर पंखाशिवाय काही दिसत नाही. तेव्हा तरी नकाशा बघू का नको?

निपाणीकर

नकाशावर भरवसा नको रे बाबा. मोबाइलचा नकाशा बघत चोर्ल्याला निघालो होतो, एकाच्या काजूच्या बागेत गाडी घातली. मालक काठी घेऊन आला.

सेवानिवृत्त_वायुसैनिक

निपाणीकर, तुमची गाडी थांबते. त्याची थांबत नाही, हाच तर फरक आहे.

मी एअरमन, पायलट नव्हे. सांबऱ्याच्या ट्रेनिंग स्कूलमधून निघालो आणि पुढं आयुष्यभर रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रंच दुरुस्त केली. त्यामुळं यंत्राची बाजू मी घेणार असं वाटेल. नाही घेणार.

नकाशा चुकीचा असतो म्हणून नव्हे. जीपीएसची चूक सुधारायला आपली गगन यंत्रणा आहे, चूक मीटरांत मोजावी इतकी कमी. बिघाड होतो, आता तर मुद्दाम गोंधळही घालतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीएनं (देशाच्या विमान वाहतूक नियामकानं) त्याबद्दल परिपत्रकच काढलं. पण सर्किटमधला धोका तो नाही. धोका आहे पडद्यावरच्या दुसऱ्या विमानांचा. पडद्यावर तेच विमान दिसतं जे स्वतःची जागा कळवतं. ज्याचा ट्रान्सपाँडर (जागा कळवणारं यंत्र) बंद पडलाय ते येत नाही. पडदा मोकळा दिसला की माणूस आकाशही मोकळं धरतो. घार तर कधीच येत नाही, आणि कचऱ्याच्या ढिगांमुळं आपल्याकडं घारी काय कमी आहेत?

पोरा, पंख झाकतो म्हणालास. मग वळण्याआधी बघ. वळताना मध्येच क्षणभर पंख सरळ कर, बघ, परत कल. नकाशात डोकं घातलंस तर नाक किती वर गेलं ते कोण बघणार?

मुतग्याचा_रयत

मला विमानातलं काय कळत नाही, पण तुमची विमानं दिवसभर आमच्या डोस्क्यावरूनच फिरतात, म्हणून लिवतोय.

रस्त्याकडच्या चहाच्या टपरीवर तुमची पोरं बसतात. एकदा एक पोरगं दुसऱ्याला सांगत होतं, "तो उसाचा फड संपला की वळायचं." तो फड आमचा! मी गप ऐकत बसलो. पुढच्या महिन्यात टोळी आली, ऊस गेला कारखान्याला, पाचट पेटवलं, रान काळंभोर. आता ते पोरगं कुठं वळलं असेल?

म्हणून विचारतोय. बाहेर बघा, बाहेर बघा म्हणता, पण पोरं बाहेर बघून माझा ऊसच बघत्यात. त्यापेक्षा तो नकाशा बरा की. नकाशातली पट्टी कुणी तोडून नेत नाही.

खानापूरची_चिमणी

काका, इतका वेळ चाललेल्या चर्चेतला हा सगळ्यात खरा मुद्दा. फडाच्या कोपऱ्यावर वळायला शिकलेला मुलगा उद्या कोल्हापूरला गेला की हरवतो. तो बाहेर बघतच नव्हता, त्यानं फक्त काचेवरचा नकाशा सोडून जमिनीवरचा धरला. बेसला वळायची खूण शेतात नसते. उतरायची जागा खांद्यामागं ४५ अंशावर आली की वळायचं. तो कोन सगळ्या विमानतळांवर तोच.

पण पोऱ्याला एक कबूल करते, नकाशा अगदीच फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. टॉवर सांगतो "एक्स्टेंड डाउनविंड" (बेसला वळू नको, सरळ जात राहा), कारण बेंगळुरूचं विमान फायनलला आहे. मग तू पूर्वेकडं जात राहतोस, पट्टी मागं पडते, पावसाळी धुरकट हवेत ती दिसेनाशी होते. तेव्हा किती मैल आलो ते बघायला एक नजर टाकावी. सरळ जाताना, वळताना नव्हे. मी टाकायचे.

सेवानिवृत्त_वायुसैनिक

एक नजर म्हणता म्हणता पोरगं नकाशाची स्केल बदलायला लागतं. बटण फिरव, दोन मैल कर, एक मैल कर, रेषा जाड दिसते का बघ. तेवढ्यात उंची १५० फूट गेली. हे मी मागच्या सीटवरून बघितलंय.

शहापूरचा_पोऱ्या

काका, मान्य, मी स्केल बदलतो. 😅

पण मग एक सांगा. मी चुकलोय हे मला कळणार कसं? सर फक्त "परत ओव्हरशूट" (फायनलची रेषा ओलांडली) एवढंच म्हणतात. कुठं बिघडलं ते सांगत नाहीत. नकाशा दाखवतो.

खानापूरची_चिमणी

मग तो खाली उतरून बघ. टॅबलेटवर ट्रॅक रेकॉर्ड करायचं ॲप आहे ना? तो बॅगेत ठेव, समोर लावू नकोस. उड्डाण झाल्यावर सहाही फेऱ्या एकावर एक पडलेल्या दिसतात. डाउनविंडची रेघ पट्टीला समांतर आहे की तिरकी, ते तेव्हा शांतपणे बघता येतं. आमच्या बॅचला मी हेच दाखवलं होतं. एकाची रेघ दर वेळी पट्टीकडं झुकायची, जणू पट्टी त्याला ओढतेय.

ओव्हरशूट झालंच, तर नाक पट्टीकडं आणायला आणखी कलू नकोस. ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला तोलत नाहीत) १९ टक्के वाढतो, ६० अंशाला ४१ टक्के. त्यात डावा रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक ओढलंस तर त्या उंचीवरून सावरायला जागा नाही. पलीकडं गेलास तर जाऊ दे. गो-अराउंड कर, म्हणजे न उतरता परत वर जा. कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे.

टिळकवाडीची_आई

माझी मुलगी पण तिथंच शिकते. तासाचे पैसे भरताना आम्हाला सांगितलं होतं, काचेची आधुनिक कॉकपिटं आहेत. आता कळतंय, ती झाकून शिकवतात. मग साधं काट्यांचं विमान स्वस्तात का देत नाहीत?

सेवानिवृत्त_वायुसैनिक

ताई, प्रश्न रास्त आहे. पण उद्या तिला एअरलाइनमध्ये जायचंय, तिथं सगळ्या काचाच. काच वाचायची कशी ते वरच्या उंचीवर, लांबच्या प्रवासात शिकवावं. हुबळीपर्यंत जाऊन यावं, तेव्हा नकाशा हवाच. अनोळखी विमानतळावर टॅक्सी करताना (जमिनीवरून विमान चालवताना) तर मी म्हणेन डोळ्यांइतकाच हवा. सर्किट ही काही मिनिटांची गोष्ट. तेवढी बाहेर बघून करावी.

मुतग्याचा_रयत

यंदा त्या रानात सोयाबीन हाय. पोरांना सांगा, फड शोधू नका.

शहापूरचा_पोऱ्या

सांगतो काका. 🙏 उद्या सकाळी साडेसहाचा स्लॉट आहे, वारा कमी असतो. टॅबलेट बॅगेत ठेवतो. स्क्रीन मीच झाकणार, सरांनी सांगायच्या आधी. कॅलेंडरचं पान सारखं घसरतं, म्हणून चिकटपट्टी आणलीय.

खानापूरची_चिमणी

चिकटपट्टी स्क्रीनला अजिबात लावू नकोस, वरचं कोटिंग निघतं आणि बिल तुझ्या नावावर पडेल. पान तसंच दुमडून खोच. आणि इंजिनची पट्टी उघडी राहिली का ते टेकऑफच्या आधी बघ. ऑइल प्रेशर तिथंच दिसतं.