गणेशोत्सवातील शूटर गेमची स्पर्धा: नियमांच्या मसुद्यावरील चर्चा (सोसायटी ग्रुप, ऐरोली)

सचिव, जोशी: सर्व सभासदांना नमस्कार. यंदाच्या गणेशोत्सवात कॅरम आणि बुद्धिबळाबरोबर शूटर गेमची, म्हणजे पडद्यावर बंदुकांनी लढण्याच्या खेळाची, सांघिक स्पर्धाही घ्यावी, असा प्रस्ताव डी विंगमधील मुलांनी दिला आहे. समितीची हरकत नाही, परंतु नियम आधी लेखी ठरलेले असावेत, म्हणजे ऐन आरतीच्या वेळी क्लब हाऊसमध्ये वाद उभा राहणार नाही. कुलकर्णी साहेब हे खेळ सायबर कॅफेच्या काळापासून खेळत आले आहेत, तेव्हा मसुदा त्यांनीच सुचवावा ही विनंती. इतरांनीही कृपया याच विषयापुरते लिहावे. पार्किंगसाठी रविवारची बैठक आहे.

अथर्व, डी-९०३: काका, मोबाईल सगळ्यांकडेच आहेत. बीजीएमआय या मोबाईलवरच्या शूटर गेमची कस्टम रूम, म्हणजे फक्त आपल्यापुरता सामना, उघडली की काम झाले, सोसायटीला एक रुपयाही खर्च नाही. आम्ही रोज तसेच खेळतो.

कुलकर्णी, सी-११०३: अथर्व, खर्च वाचेल हे खरे, पण तो कोणाच्या माथी पडेल याचा विचार कर. तुमच्या गटात एकाकडे आयपॅड आहे. त्याचा पडदा उंचीला जास्त असल्याने त्याला खेळाचे मैदान वरून आणि खालून अधिक दिसते. तुम्ही मुले त्यालाच ‘आयपॅड व्ह्यू’ म्हणता. दुसऱ्याचा फोन सेकंदाला ९० चित्रे दाखवतो, तर तिसऱ्याचा चार वर्षांपूर्वीचा फोन ४० चित्रांवरच तापून मंद होतो. समोरासमोर आल्यावर कोणाची गोळी आधी लागणार, हे अशा वेळी बोटांपेक्षा वडिलांच्या पगारावर ठरते. घरी मौजेसाठी खेळताना ते चालून जाते. सोसायटीच्या नावाने चषक द्यायचा असेल तर चालणार नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की पाच विरुद्ध पाच अशी काउंटर-स्ट्राइक २ ची स्पर्धा घ्यावी, त्यासाठी एकाच बनावटीचे दहा संगणक आणि मॉनिटर दोन दिवसांसाठी भाड्याने आणावेत आणि सर्व्हर, म्हणजे सामना चालवणारा मुख्य संगणक, क्लब हाऊसमध्येच ठेवून सर्व संगणक त्याला वायरने जोडावेत. हा खेळ सुचवण्यामागे माझी जुनी आवड आहे हे नाकारत नाही, पण कारण तेवढेच नाही. १९९९ मध्ये दुसऱ्या एका खेळाची हौशी सुधारित आवृत्ती म्हणून हा सुरू झाला, आणि तेव्हापासून आजवर त्याच्या मुळाशी असलेली समतोलाची मांडणी फारशी बदललेली नाही. ती टिकली यातच तिची परीक्षा झाली, असे मला वाटते.

म्हात्रे काका, ए-४०१: मी नातवाच्या खांद्यावरून हा खेळ पाहिला आहे. दोन्ही संघांकडे बंदुकाच वेगवेगळ्या असतात. तो म्हणतो, एका बाजूची बंदूक जास्त जोरकस आहे. मग समतोल कसला? आम्ही जिल्ह्यात कबड्डी खेळलो, तेव्हा दोन्हीकडे सात गडी आणि मधोमध एकच रेषा असायची.

कुलकर्णी, सी-११०३: म्हात्रे काका, आपण नेमक्या जागी बोट ठेवले. हल्ला करणाऱ्या बाजूची एके-४७ ही खेळातल्या पैशांत २७०० डॉलरची बंदूक हेल्मेट घातलेल्या गड्यालाही डोक्यात एका गोळीत बाद करते. बचाव करणाऱ्यांची एम४ अधिक महाग असूनही तसे करू शकत नाही. मात्र हल्लेखोरांना अनोळखी कोपऱ्यांतून पुढे येऊन ठरावीक वेळेत बॉम्ब पेरावा लागतो, तर बचाव करणारे आधीच जागा धरून बसलेले असतात. एकाला हत्यार दिले, दुसऱ्याला जमीन दिली. तरीही एखादे मैदान एका बाजूला झुकतेच, म्हणून बारा फेऱ्यांनंतर बाजू बदलतात आणि जो आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो विजयी ठरतो.

आता कबड्डीकडे येतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाई करणाऱ्याची पकड केली, तर प्रो कबड्डीत ‘सुपर टॅकल’ म्हणून एक गुण जास्त मिळतो. का? कारण गडी कमी झालेला संघ आणखी कमी होत जातो आणि सामना अर्ध्यातच संपल्यासारखा वाटतो. नेमबाजीच्या खेळातही तोच धोका असतो. जिंकणाऱ्याकडे पैसे साचतात, पैशातून चांगली बंदूक येते आणि चांगल्या बंदुकीमुळे तो पुन्हा जिंकतो. यावर उतारा म्हणून हरणाऱ्या संघाला मिळणारी रक्कम सलग पराभवांबरोबर १४०० डॉलरपासून ३४०० डॉलरपर्यंत वाढत जाते. शिवाय ४७५० डॉलरच्या दूरमारी एडब्ल्यूपीने एक गडी टिपला तर बक्षीस फक्त १०० डॉलर, आणि तेच चाकूने साधले तर १५००. शक्तिशाली वस्तू ठेवायची, पण तिची किंमत वापरणाऱ्याकडून वसूल करायची, ही रीत मला सगळ्या बंदुका एकसारख्या बोथट करून टाकण्यापेक्षा कितीतरी चांगली वाटते. हल्ली एखाद्या बंदुकीबद्दल तक्रारी वाढल्या की पुढच्या अपडेटमध्ये ती नर्फ, म्हणजे कमजोर, होते, दुसरी बफ, म्हणजे जोरकस, होते आणि महिन्याभरात सगळे त्या दुसरीच्या मागे धावतात. याला मी समतोल म्हणत नाही.

म्हात्रे काका, ए-४०१: हे पटले. हरणाऱ्याला उठून उभे राहायला जागा मिळाली पाहिजे, पण फुकट गुण मिळता कामा नये.

सौ. कदम, बी-६०२: कुलकर्णी भाऊजी, मला मात्र खऱ्या पैशांची काळजी आहे. आमच्या चिरंजिवांनी मागच्या महिन्यात बंदुकीच्या ‘स्किन’साठी आणि कुठल्याशा ‘क्रेट’साठी पैसे मागितले आणि ते घेतले नाही तर मित्रांसमोर हरायला होते, असे सांगितले. हे खरे आहे का? खरे असेल तर या स्पर्धेमुळे अशा खरेदीला प्रोत्साहन मिळेल, आणि त्याला माझा विरोध राहील.

कुलकर्णी, सी-११०३: वहिनी, स्किन म्हणजे बहुतेक खेळांत केवळ रंगरूप असते, गोळीचा जोर त्याने वाढत नाही. चिरंजिवांचे कारण त्यामुळे बरेचसे लटके आहे, हे त्यांना माझ्या नावाने खुशाल सांगा. पण आपली शंका निराधार नाही. कॉल ऑफ ड्यूटी या शूटर गेमच्या वॉरझोनमध्ये रोझ नावाच्या पात्राचा एक संपूर्ण काळा पोशाख होता. तो घातलेला खेळाडू अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिला की दिसतच नसे. नाव रंगरूपाचे, फायदा मात्र लढाईतला. खेळाडूंनी बरीच ओरड केल्यावर २०२१ मध्ये तो पोशाख उजळ करण्यात आला. त्याआधी २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मध्ये तर आपण म्हणता त्या क्रेटसारख्या नशिबाच्या पेट्यांमधून प्रत्यक्ष लढाईत उपयोगी पडणारी ताकदच मिळत होती. त्यावर इतका गदारोळ झाला की खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर कंपनीला पैशांची खरेदी तात्पुरती बंद करावी लागली, आणि पुढच्या वर्षी बेल्जियमने काही खेळांतील अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले.

माझी अपेक्षा साधी आहे. कंपनीने पोशाख विकावेत, नाचण्याच्या अदा विकाव्यात, तिलाही सर्व्हरचे भाडे भरायचे असते; परंतु समोरच्याला दिसण्यावर, ऐकू येण्यावर किंवा मारण्यावर ज्याचा परिणाम होतो अशी कोणतीही वस्तू विक्रीला ठेवू नये. आपल्या स्पर्धेत सर्वांची खाती कोरी असतील आणि कोणाचीही खरेदी केलेली वस्तू चालणार नाही.

सौ. कदम, बी-६०२: ठीक आहे. मात्र सोळा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि खेळण्याच्या वेळेला मर्यादा असावी. बीजीएमआय २०२३ मध्ये परत आला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. आपल्याकडे दोन तास पुरेत.

सचिव, जोशी: दोन्ही सूचना नोंदवल्या.

अथर्व, डी-९०३: काका, माझी एक तक्रार आहे. ऑनलाइन खेळताना मी भिंतीआड पूर्ण गेलेलो असतो, तरीही मरतो. समोरचा हॅकर, म्हणजे फसवे सॉफ्टवेअर लावून खेळणारा, असतो का?

सावंत, सी-२०४: अथर्व, याचे उत्तर मी देतो, कारण माझी नोकरी महापे येथील डेटा सेंटरमध्ये आहे. प्रत्येक वेळी हॅकर नसतो. तू भिंतीआड गेलास ही बातमी सर्व्हरला पोहोचायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेथून ती समोरच्या खेळाडूला पोहोचायला आणखी काही. त्याच्या पडद्यावर तू अजून बाहेरच असतोस. त्याने गोळी झाडली की सर्व्हर थोडे मागे जाऊन ‘त्या क्षणी याला काय दिसत होते’ ते तपासतो आणि त्याच्या बाजूने कौल देतो. असे केले नाही तर प्रत्येकाला पळणाऱ्याच्या पुढे अंदाजाने नेम धरावा लागेल. म्हणजे अन्याय पूर्णपणे टळत नाही, तो नेम धरणारा आणि लपणारा यांच्यात वाटला जातो. कोपऱ्यावरून अचानक बाहेर येणाऱ्याला जो किंचित फायदा मिळतो, त्याचेही कारण हेच.

अंतराचेही सांगतो. प्रकाश काचेच्या तारेतून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेतच सुमारे ३९०० किलोमीटर आहे. जाऊन परत यायला, मध्ये काहीही अडथळा नसला तरी, किमान ३९ मिलिसेकंद लागणार. समुद्रातील केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात. म्हणूनच ज्या खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यांत ऐरोलीतल्या मुलाचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचे मिलिसेकंद, एक आकडी येऊ शकतो. पण ईशान्येकडच्या मुलाला देशातल्या देशातही तो भाग्ययोग नाही, हेही लक्षात घ्यावे. आणि अथर्व, तुझ्या घरी राउटर दिवाणखान्यात आहे आणि तू दोन भिंतींपलीकडे बसतोस. आधी वायर लाव, मग हॅकर शोध.

कुलकर्णी, सी-११०३: सावंत साहेबांनी अगदी नेमके सांगितले. यात माझी एकच भर. मरण्याचे वाईट वाटत नाही. का मेलो हे कळत नाही, त्याचे वाईट वाटते. म्हणून प्रत्येक मृत्यूनंतर समोरच्याच्या नजरेतून तो क्षण दाखवावा, आणि दोघांचा पिंग त्याच पडद्यावर छापावा. निम्मे हॅकर तेथेच निर्दोष ठरतील.

उरलेले निम्मे खरे असतात आणि त्यांचा बंदोबस्त हवाच. व्हॅलोरंटची एक गोष्ट मला फार आवडली. २०२० मध्ये तो खेळ आला, तेव्हापासून त्याचा सर्व्हर शत्रूची जागा तुमच्या संगणकाला तो दिसण्याच्या बेतात येईपर्यंत पाठवतच नाही. जी माहिती घरात आलीच नाही, ती भिंतीपलीकडून चोरणार कशी? त्याच खेळाचे व्हॅनगार्ड हे पहारेकरी सॉफ्टवेअर मात्र संगणक सुरू होताच थेट त्याच्या गाभ्यात जाऊन बसते. त्यामुळे चोऱ्या कमी होतात हे मान्य करूनही, एका खेळासाठी संपूर्ण घराची किल्ली देणे मला जड जाते. कामाच्या लॅपटॉपवर तो कोणीही घालू नये, एवढे जाता जाता सांगतो.

सर्वांत जास्त वाद कोणासमोर कोण खेळणार याच्या जोड्या लावण्यावरून होतात. बुद्धिबळात अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी ट्रूस्किल ही पद्धत तयार केली, ज्यात खेळाडूच्या अंदाजित कौशल्याबरोबर त्या अंदाजाची खात्री किती आहे हेही मोजले जाते. चांगले खेळाडू तक्रार करतात की कौशल्यानुसार जोडी लावली की प्रत्येक सामना घाम काढणारा होतो. कॉल ऑफ ड्यूटीच्या कंपनीने २०२४ मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात हा निकष सैल करताच ९० टक्के खेळाडूंचे खेळाकडे परतण्याचे प्रमाण घटले. म्हणजे तक्रार वरच्या मोजक्या लोकांची होती, आणि त्यांची करमणूक खालच्यांच्या जिवावर चालली होती. माझी हरकत पद्धतीला नाही, तिच्या लपवाछपवीला आहे. माझे गुण मला दाखवा, समोरच्याचेही दाखवा, आणि नवख्याला खूश ठेवण्यासाठी समोर यंत्रचलित बॉट सोडले असतील तर तेही स्पष्ट लिहा. खोट्या विजयावर वाढलेला मुलगा वरच्या रँकला पोहोचल्यावर जो आपटतो, तो खेळच सोडून देतो.

अथर्व, डी-९०३: मग आपले संघ कसे पाडायचे, काका? आमचे पाच जण रोज एकत्र रँक पुश करतात, म्हणजे क्रमवारीत वर चढायला खेळतात. आम्हाला एकत्रच खेळायचे आहे.

म्हात्रे काका, ए-४०१: मग बाकीच्या विंगने काय टाळ्या वाजवायच्या?

कुलकर्णी, सी-११०३: काकांचा मुद्दा रास्त आहे. शनिवारी सकाळी सर्वांची तासाभराची चाचणी घेऊ, त्या गुणांवरून चार गट पाडू आणि प्रत्येक संघात अव्वल गटातील एकच खेळाडू जाईल. अथर्व, तुमच्या पाच जणांना मी पाच वेगवेगळ्या संघांचे कर्णधार करीन. मैदान नाणेफेकीने ठरेल, बाजू बारा फेऱ्यांनंतर बदलतील, आणि निर्णायक फेरीचे चित्रण प्रोजेक्टरवर पुन्हा दाखवू, म्हणजे बाहेरच्यांनाही काय घडले ते कळेल. दुसऱ्या नावाने नवखा बनून खालच्या गटात शिरण्याचा, म्हणजे स्मर्फिंगचा, प्रश्नच येत नाही, कारण इथे सगळे एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतात.

सचिव, जोशी: संगणकांच्या भाड्याचे दरपत्रक सावंत साहेबांनी दोन ठिकाणांहून आणावे. रक्कम समितीच्या मर्यादेत बसली नाही तर दहाऐवजी सहा संगणकांवर, तीन विरुद्ध तीन असे खेळता येईल का?

कुलकर्णी, सी-११०३: येईल, पण मग मोठी मैदाने ओस पडतात आणि बॉम्ब पेरण्याच्या दोन जागा राखायला तीन गडी पुरत नाहीत, हल्लेखोरांना आयता फायदा मिळतो. तसे झालेच तर एकाच जागेचे लहान मैदान घेऊ. शक्यतो दहा संगणकांचेच पाहावे.

अथर्व, डी-९०३: स्वतःचा माऊस आणला तर चालेल का?

कुलकर्णी, सी-११०३: माऊस आणि हेडफोन स्वतःचे चालतील, कारण हाताची आणि कानाची सवय सहज मोडता येत नाही. मात्र ज्या माऊसमध्ये बंदुकीचा झटका आपोआप सावरणारे मॅक्रो, म्हणजे आधी ठरवलेल्या हालचाली, भरता येतात तो चालणार नाही, आणि कीबोर्ड सर्वांना आपल्याकडचाच वापरावा लागेल. तुझा माऊस शुक्रवारी संध्याकाळी सावंत काकांना दाखवून घे.