टॉवेल कारखान्यात टाकाऊ सूत आणि पाण्याचा पुनर्वापर: नफा खरोखर वाढतो का?

प्रश्न (टॉवेल उत्पादक, सोलापूर):
अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना असून सोबत रंगाईचा विभागही आहे. परदेशी ग्राहक आता पुनर्वापर केलेल्या सुताची मागणी करू लागले आहेत, आणि चक्रीय अर्थव्यवस्थेमुळे (टाकाऊ माल पुन्हा वापरात आणण्याच्या पद्धतीमुळे) पर्यावरणाबरोबर नफाही सुधारतो, असे सर्वत्र सांगितले जाते. आमच्याकडील चिंध्या आणि सुताचे वेस्ट सध्या वजनावर विकले जाते. भांडवल मर्यादित असताना सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (वस्त्रप्रक्रिया तंत्रज्ञ):
नमस्कार साहेब. माझ्या मते सुरुवात सुतापासून न करता बॉयलरपासून करावी. रंगाईच्या यंत्रांतून परतणारे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले गरम पाणी) गटारात सोडले, तर पाणी, त्यातील उष्णता आणि ते मृदू (क्षारविरहित) करण्यावर झालेला खर्च असे तिन्ही वाया जातात. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले की जळणात साधारण १ टक्का बचत होते, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. त्यासाठी मुख्यतः पाइप, टाकी आणि पंप लागतात, आणि बचत थेट जळणाच्या बिलात दिसते.

सुताचे काम अधिक अवघड आहे. चिंध्या पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे असे सूत ताण्यावर (मागावरील उभ्या धाग्यांत) टिकत नाही आणि टॉवेलच्या पाइलमध्ये (पृष्ठभागावरील धाग्यांच्या फासांत) वापरल्यास तंतू झडतात. बाण्यात (आडव्या धाग्यांत), जाड सुतात किंवा नव्या कापसाच्या मिश्रणात मात्र ते चालते. चिंध्यांपासून सूत काढणारे पानिपतचे व्यावसायिक चिंध्या रंगानुसार वेगळ्या करतात, म्हणून तयार सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. पैसा आणि पाणी दोन्ही खऱ्या अर्थाने वाचतात ते इथेच. आपणही मागाजवळच पांढरे, रंगीत आणि पॉलिस्टरमिश्रित वेस्ट वेगळे ठेवले, तर नवे यंत्र न घेताही त्याला चांगला भाव मिळू शकेल.

उत्तर (साखर कारखान्यातील रसायनतज्ज्ञ, पंढरपूर तालुका):
आपल्या जिल्ह्यातील साखर धंदा याच वाटेने गेला आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस (उसाचा चोथा) निघतो. तो जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज भागवतो व उरलेली वीज विकतो. मळीपासून इथेनॉल होते, आणि त्यानंतर उरणारे सांडपाणी (स्पेंटवॉश) आटवून जाळल्यावर उरणाऱ्या राखेपासून पोटॅशयुक्त खत तयार होते. साखरेचे भाव पडले की या उपपदार्थांचाच आधार असतो. तरीही उसाने प्यायलेले उजनी धरणाचे पाणी या ताळेबंदात कोठेच येत नाही, ही गोष्ट मला सतत खटकते.

उत्तर (वाणिज्य विषयाचे प्राध्यापक):
रंगाईच्या सांडपाण्याबाबत तमिळनाडूतील तिरुपूरकडे पाहावे. शून्य द्रवविसर्गाची (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची) अट न पाळल्यामुळे २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर पाणी आणि रंगाईत वापरलेले मीठ परत मिळवले जाऊ लागले. मात्र बाष्पीभवनासाठी ऊर्जा भरपूर लागते आणि मिश्र क्षारांचा गाळ उरतोच. लहान कारखान्याने हा भार एकट्याने उचलण्यापेक्षा सामूहिक प्रक्रिया केंद्राचा मार्ग धरावा. मालाच्या किलोमागे किती पाणी, जळण आणि वेस्ट, याची नोंद मात्र आपण आजपासूनच ठेवावी, कारण तिच्याशिवाय कोणत्या बदलाने किती वाचले हे बँकेला किंवा ग्राहकाला दाखवता येणार नाही.