मदत हवी आहे: जपानी शिकतोय, पहिली मांगा कोणती घेऊ?

कोरा_कागद
मांगा (जपानी कॉमिक्स) वाचायची आहे, मूळ जपानीत. मित्र तिकडून येतोय, त्याला आज रात्रीच सांगायचंय काय आणायचं. सोपी कोणती? गुगल कर म्हणू नका, केलंय. प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो.

अर्धी_भाकर
योत्सुबातो. डोळे मिटून घे. पाच वर्षांची पोर, तिचे बाबा, शेजारच्या तीन बहिणी, रोजचंच बोलणं. सगळ्या कांजींच्या (चिनी चित्राक्षरांच्या) बाजूला फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, आहे.

पेठेतला
'शिकतोय' म्हणजे कुठवर? हिरागाना (जपानी मुळाक्षरं) गिरवतोयस की एन-५ (जपानी परीक्षेची पहिली पायरी) झाली? पुस्तक कोणतं? हे न कळता काय सांगणार!

कोरा_कागद
मिन्ना नो निहोंगो. डिसेंबरात एन-५ देणार.

पेठेतला
धडा कितवा, ते राहिलंच.

कोरा_कागद
१४. पण मांगाचा आणि धड्याचा काय संबंध?

पेठेतला
तोच तर आहे. तुझ्या पुस्तकात अजून सगळे 'ताबेमास' (खातो), 'इकिमास' (जातो) असं शिस्तीत बोलतायत. घरातलं, दोस्तांमधलं साधं बोलणं २०व्या धड्यात येतं, 'ते शिमाउ' (करून टाकणे) २९व्यात. मांगात पहिल्या पानापासून 'ताबेचात्ता' (खाऊन टाकलं). हे 'ताबेते शिमात्ता'चंच झिजलेलं रूप, पण शब्दकोशात 'चात्ता' शोधत बसशील. अडतं ते इथे, कांजीवर नाही. म्हणून योत्सुबा आत्ता नको.

अर्धी_भाकर
म्हणजे २९वा धडा होईपर्यंत पोराने 'हे पेन आहे, ते पुस्तक आहे' वाचायचं? 'तेरु' म्हणजे 'ते इरु', 'चाउ' म्हणजे 'ते शिमाउ', 'नाक्या' म्हणजे 'नाकेरेबा'. एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेव, झालं. निम्मं तर चित्रावरून कळतं.

पेठेतला
चित्रावरून कळलं म्हणजे वाचलं नव्हे.

खाऊगल्ली
डोरेमॉन!! जियान, शिझुका, सुनियो सगळे ओळखीचे. लहानपणी हिंदीत किती पाहिलंय! ते गाणं आठवतं का कुणाला?

अर्धी_भाकर
गाणं राहू दे, सूचना चांगली आहे. गोष्टी छोट्या आणि सुट्या, कुठलाही खंड उचलला तरी चालतो. फुरिगाना आहे. पण नेहमीचे तेंतोमुशी कॉमिक्सचे खंड खिशात मावणारे असतात, त्यातला फुरिगाना वाचताना डोळे फुटतात.

सह्याद्री_७
मी जर्मन शिकलो. नोकरीसाठी तेच बरं. जपानीत आयटीवाल्यांना सध्या किती देतात?

कोरा_कागद
@सह्याद्री_७ वेगळा धागा काढा ना. मला खरं तर मारामारीची हवी होती. डेथ नोट कशी आहे?

वाचनवेडी
डेथ नोटमध्ये मारामारी कुठली, नुसतं डोकं चालवणं! बोलण्याचे फुगे मजकुराने भरलेले, तपास आणि कायद्याचे शब्द. फुरिगाना असूनही दमशील. बाकी एक खूण लक्षात ठेव: शोनेन जंपसारख्या मुलांच्या मासिका-साप्ताहिकांतल्या मांगांना फुरिगाना असतो, मोठ्यांसाठीच्या 'सेइनेन'मध्ये बहुतेक वेळा नसतो. आणि मित्राला ओझं घालण्याआधी जपानी ई-बुक दुकानांत 'तामेशियोमी' दाब, सुरुवातीची पानं फुकट दिसतात. तीनचार पानं वाचून बघ. पानावर प्रत्येक फुग्यात अडलास तर ती सोड.

पेठेतला
त्याआधी तादोकु या सोप्या जपानी वाचनाच्या साइटवरची फुकट पुस्तकं वाच. पातळी शून्यापासून आहेत, चित्रं आहेत. मांगा पळून जात नाही.

अर्धी_भाकर
मित्र मात्र विमानात बसतोय.

कोरा_कागद
तामेशियोमी पाहिलं. योत्सुबातोचं पहिलं पान कळलं, दुसऱ्यावर बाबा काहीतरी पुटपुटले ते नाही. पहिला खंड सांगतोय, आणि डोरेमॉनचा एक. वन पीसला पण फुरिगाना आहे ना?

वाचनवेडी
आहे. पण चाच्यांची बोली आहे आणि शंभराच्या वर खंड. मित्राची बॅग केवढी आहे?

खाऊगल्ली
पुण्यात जुन्या मांगा कुठे मिळतात, सांगेल का कोणी?