अंगठा उमटेना तेव्हा

कुणीतरी विचारलंय, लोकांची सरकारी उपचार योजनेची आयुष्मान कार्डं फुकट काढून देऊन काय मिळतं? मी हर्णैची. शेजारची आजी ७४ वर्षांची, जन्म मासळी साफ करण्यात गेला, बोटांच्या रेषाच झिजल्यात. तीनदा अंगठा लावला, उमटेना. "ऱ्हाऊंदे गो बाय," म्हणत उठायलाच लागली. मग मोबाईलवर चेहरा दाखवून पडताळणी झाली. वय ७० किंवा जास्त असलं की उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, घरातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार. हे २०२४ पासून आहे, पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं! लॅमिनेट केलेलं कार्ड तिनं पदराला पुसून तांदळाच्या डब्यात ठेवलं. सकाळी माझ्या दारात ओल्या बोंबलांची पिशवी. रविवारी शेजारच्या पाजपंढरीत कार्डं काढायला बसणार आहे, आधार घेऊन या.