शिकाऊ समुपदेशकापुढे विद्यार्थ्याने मन मोकळे करावे का?

तापीकाठ :
मागच्या आठवड्यात ‘सातपुडा’ या टोपणनावाच्या सदस्यांनी या चर्चामंचावर लिहिले की एम.ए. मानसशास्त्राच्या मुलामुलींना इंटर्न म्हणून महाविद्यालयांच्या समुपदेशन कक्षात बसवणे हा विद्यार्थ्यांच्या जिवाशी चाललेला खेळ आहे आणि तो ताबडतोब बंद झाला पाहिजे. दोन दिवस मी उत्तर द्यायचे टाळले. पण त्याखाली जमलेली सहमती वाचून राहवले नाही, कारण गेली अकरा वर्षे मी जळगाव जिल्ह्यात हेच काम करते आणि माझ्या हाताखाली इंटर्न शिकून गेल्या आहेत.

हे काम पुस्तकातून येत नाही. समोरचा मुलगा वीस मिनिटे गप्प बसला तर ती शांतता कशी सोसायची, किंवा ‘आता नको वाटते सगळे’ असे कोणी म्हणाले तर मरणाचा विचार मनात येतो का हे आवाज न कापता सरळ शब्दांत कसे विचारायचे, हे खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या पहिल्या सेशनमध्ये (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) वादळात घरची केळीची बाग आडवी झालेला एक मुलगा आला होता. चाळीस मिनिटे मी त्याला वेळेचे नियोजन शिकवले. त्याच्या परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण माझ्या मार्गदर्शक बाईंनी ऐकले आणि एवढेच विचारले, “त्याने वडिलांचा विषय तीनदा काढला, तिन्ही वेळा तुम्ही तो का बदललात?” मी त्या रात्री झोपले नाही, पण पुढच्या आठवड्यात मी बोलले कमी आणि तो बोलला जास्त. तो मुलगा वाचला तो माझ्या हुशारीमुळे नाही, माझ्यामागे कोणीतरी बसलेले होते म्हणून.

अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘केकरेप’च्या मानकांत आधी १०० तासांचा सराव आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप आहे; त्या ६०० पैकी २४० तास प्रत्यक्ष माणसासमोर बसण्याचे असावे लागतात आणि दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक व दीड तास गटातले सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाची देखरेख, मिळावे लागते. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे, म्हणजे साधारण १२० तासांचे, ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामातले प्रशिक्षण) आले आहे. तास कमी आहेतच, पण त्याहून मोठी उणीव ही की इंटर्नच्या कामाच्या नोंदवहीवर, लॉगबुकवर, शेवटच्या दिवशी एकदम सह्या होतात. तेव्हा मागणी करायचीच असेल तर सुपरव्हिजनशिवाय इंटर्न बसवणे बंद करा अशी करा. इंटर्न बंद केलेत तर दहा वर्षांनी जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत समुपदेशक आणणार कुठून?

सातपुडा :
ताई, आपल्या मार्गदर्शक बाई होत्या, हे आपले भाग्य. माझ्या भाचीला तसे कोणी भेटले नाही. ती एका महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात गेली. कक्ष म्हणजे ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दोन कपाटे आडवी लावून केलेली जागा. समोर बसलेली इंटर्न तिच्या वसतिगृहातल्या खोलीसोबतिणीची मैत्रीण निघाली. भाचीने घरी ठरत असलेल्या लग्नाबद्दल सांगितले आणि संध्याकाळी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींनीही तिला त्याबद्दल विचारले. त्यानंतर दोन महिने ती कोणाशीच बोलली नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, हे मी नंतर वाचले. पण जिची कुठल्याच परिषदेकडे नोंद नाही अशा एकवीस वर्षांच्या मुलीविरुद्ध मी तक्रार कुठे करायची होती? पुण्या-मुंबईत अनोळखी माणूस सहज मिळतो. आमच्या तालुक्याच्या गावात नात्यातले, गावातले, नाहीतर वर्गातले कोणी ना कोणी निघतेच. आपले तासांचे आकडे बरोबर असतील, पण ते या कपाटांच्या आड पोहोचत नाहीत.

पांझराकाठ :
दोघांच्याही म्हणण्याच्या मुळाशी असलेली गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून निवृत्त प्राध्यापक या नात्याने मी बोलतो. सुपरव्हिजन करणार कोण? मी ज्या विभागात होतो तेथे निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर होते. त्यांना वर्गावर घेतलेल्या तासाचे पैसे मिळत. इंटर्नच्या नोंदी वाचण्याचे, तिची चूक दाखवण्याचे किंवा रात्री दहाला घाबरून आलेला तिचा फोन घेण्याचे पैसे मिळत नसत. माझ्याकडे समुपदेशन कक्षाचा प्रभार होता, त्याबरोबर राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा विभाग आणि नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, एक फाइलही होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे सांगितले. मला भीती ही वाटते की ‘आमच्याकडे इंटर्न आहेत’ असे लिहून संस्था ही जागा कागदावर भरून टाकतील. इंटर्न ही शिकायला आलेली असते. तिच्यावर पगारी माणसाचे काम टाकणे हा तिच्यावरही अन्याय आहे. वीस वर्षे हे पाहिले आहे, म्हणून तळमळीने लिहितो.

तोरणमाळ :
मी स्वतः सध्या इंटर्न आहे आणि वरचे तिन्ही प्रतिसाद वाचून मला एक वेगळे सांगायचे आहे. माझी घरची बोली पावरी. अकरावीला धडगावहून शहरात आश्रमशाळेबाहेरच्या वसतिगृहात आलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मला ‘नैराश्य’ हा शब्दच माहीत नव्हता. एका समुपदेशकाने माझ्यापुढे प्रमाण मराठीतली प्रश्नावली ठेवली. ‘तुम्हाला निरर्थक वाटते का’ या प्रश्नाला मी ‘नाही’ असे लिहिले, कारण मला प्रश्न कळला नाही आणि कळला नाही असे म्हणायची लाज वाटली. अहवालात मी ठीक होतो. आज माझ्याकडे आलेल्या एका मुलीने मराठीत ‘सगळे बरे आहे’ असे सांगितले आणि मी पावरीत तेच विचारल्यावर ती रडू लागली. इंटर्न बंद केलेत तर हे ऐकणारा माणूसही त्या कक्षातून जाईल, कारण आमच्या बोलीतला नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मला आजवर भेटलेला नाही.

गिरणामाई :
भावनेचा आदर ठेवून लिहिते, पण उद्या प्रत्येक बोलीचा वेगळा समुपदेशक मागायचा का? अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिली, पावरी… आमच्या वर्गात या सगळ्या बोलीभाषांची मुले होती आणि सगळी प्रमाण मराठीत शिकली. समुपदेशन हे शास्त्र आहे. गावाकडच्या आपुलकीने शास्त्राची जागा घेऊ नये. तातडीची गरज असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहेच.

तोरणमाळ :
ताई, आपण शिकलात म्हणजे परीक्षा मराठीत दिलीत. रडलात कोणत्या भाषेत? माझ्या आईच्या आजारपणात मला वाटलेली भीती मी आजही मराठीत नीट सांगू शकत नाही, आणि ही माझी उणीव आहे असे कोणी मला पुन्हा सांगू नये. आपले वाक्य वाचून मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

पांझराकाठ :
गिरणामाई, या बाबतीत मीही आपल्या विरोधात आहे. ‘मना जीव घाबरा व्हस’ असे अहिराणी मुलगा म्हणतो तेव्हा त्यात धडधड, भीती, अनिष्टाची चाहूल हे सगळे एकत्र येते. माझ्या एका इंटर्नने त्याची नोंद ‘हृदयाची तक्रार’ अशी केली आणि मुलाला ईसीजी काढायला पाठवले. ती मुलगी विदर्भातून आलेली होती, हुशार होती; तिला बोली येत नव्हती आणि मी ती नोंद आठ दिवस वाचली नव्हती. दोष माझा अधिक.

गिरणामाई :
सरांचे उदाहरण मला पटले, हे मान्य करते. माझे शब्द कठोर झाले, त्याबद्दल ‘तोरणमाळ’ यांची क्षमा मागते. तरीही बोली येणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, या मतावर मी ठाम आहे. शिवाय बोली एक म्हणजे गाव एक, जात एक, ओळखपाळख आलीच. मग ‘सातपुडा’ यांच्या भाचीचे झाले तेच होणार.

तापीकाठ :
गिरणामाईंनी शेवटी जे लिहिले ते मला टाळता येत नाही. बोली जाणणारा हवा आणि ओळखीचा नको, या दोन गरजा आपल्या भागात एकमेकींच्या आड येतात, आणि मी माझ्या पहिल्या लेखनात याचा विचारच केला नव्हता. आमच्याकडे आम्ही एवढेच करतो की इंटर्नला तिच्या स्वतःच्या महाविद्यालयात बसवत नाही. अमळनेरची मुलगी चोपड्याला जाते, शहाद्याचा मुलगा नंदुरबारला. एसटीचा खर्च आजवर इंटर्नच्या खिशातून गेला आहे, हे मला लाजेने सांगावे लागते. पहिल्याच भेटीत ‘मी शिकते आहे, माझ्या मार्गदर्शक या आहेत, तुम्ही मला ओळखत असाल तर आत्ताच सांगा, दुसरी व्यक्ती देऊ’ हे मोठ्याने सांगायला लावतो. १४४१६ चांगलाच आहे, आम्हीही तो दारावर लावला आहे. पण दर मंगळवारी त्याच माणसासमोर येऊन बसणे फोनवर होत नाही. दादा, आपल्या भाचीच्या बाबतीत जे झाले त्याला प्रशिक्षण हे नाव देता येणार नाही. मात्र त्याची जबाबदारी त्या मुलीहून अधिक तिला तेथे एकटीला बसवणाऱ्यांची आहे, यावर मी कायम आहे.

सातपुडा :
‘ताबडतोब बंद करा’ हे मी अजून मागे घेतलेले नाही. परंतु ‘तोरणमाळ’ यांचा प्रतिसाद मी काल रात्री भाचीला वाचून दाखवला आणि असा कोणी असेल तर जाशील का, असे विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मामा, तो दुसऱ्या तालुक्यातला असला तर जाईन. पण आधी तुम्ही जाऊन बघून या, तिथे भिंत आहे की कपाटेच आहेत.” ताई, मंगळवारी आपण कक्षात किती वाजता असता?