थोमाचं शुभवर्तमान बायबलमधल्या चारहीपेक्षा जुनं, हे खरं आहे का?

रावपुरा_वाचक: नमस्कार मंडळी, परवा कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, त्यात छातीठोक सांगितलंय की इजिप्तमध्ये सापडलेलं थोमाचं शुभवर्तमान (शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र किंवा वचनं सांगणारं पुस्तक, थोमा हा त्याचा शिष्य) हेच मूळ, आणि इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, चार निवडून बाकीची दडपली. माझी एक मैत्रीण ख्रिस्ती आहे, तिला ते फार लागलं, तिने मला विचारलं आणि मला धड उत्तर देता येईना. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचंही एक आहे म्हणे. खरं काय, आणि तारीख ठरवतात तरी कशी?

पोथीवाला_बडोदे: आधी प्रतीचं वय आणि ग्रंथाचं वय वेगळं करा, सगळा घोळ तिथेच होतो. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी ज्ञानेश्वरीची हाती लिहिलेली पोथी आहे, शेवटच्या पानावर नक्कल करणाऱ्याने शके १७७० घातलंय, म्हणजे १८४८. म्हणून ज्ञानेश्वरी १८४८ ची होते का? ग्रंथ शके १२१२ चा, आणि नाथांनी पाठ शुद्ध केला तो शके १५०६ ला. थोमाचं तसंच आहे. १९४५ ला इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मिळालेली कॉप्टिक (इजिप्तची जुनी भाषा) प्रत चौथ्या शतकातली, पण त्यातल्याच वचनांचे ग्रीक तुकडे इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यात आधीच सापडले होते, पहिला १८९७ ला, आणि तो साधारण इ.स. २०० चा धरतात. म्हणजे ग्रंथ त्याआधीचा, किती आधीचा यावर वाद. नुसती ११४ वचनं, येशूला वधस्तंभावर चढवल्याची गोष्टच नाही, असा साधा वचनसंग्रह जुना वाटतो, म्हणून काही जण पहिल्या शतकात नेतात. पण बायबलमधल्या चारपैकी मार्कचा मजकूर घेताना लूकने जे शब्द बदलले त्यातले काही थोमात दिसतात, मग तो लूकच्या आधीचा कसा? मला हा मुद्दा फार वजनदार वाटतो, मी दुसरं शतकच धरतो.

अलकापुरी७: निकेयाचं साफ चूक. तिथे पुस्तकांची यादी ठरलीच नाही. इरेनियस नावाचा बिशप साधारण इ.स. १८० मध्येच चारच शुभवर्तमानं म्हणून ठासून सांगतो आणि यहूदाच्या शुभवर्तमानाला नाव घेऊन खोडून काढतो. त्यामुळे ते पुस्तक जुनं आहेच, पण यहूदाने लिहिलेलं नव्हे.

आणि नुसत्या कार्बन टेस्टवर जाऊ नका हं. २०१२ मध्ये ‘येशूच्या पत्नीचा’ म्हणून एक तुकडा गाजला होता, पपायरस खरोखर हजारेक वर्षं जुना निघाला, पण मजकूर थोमातून उचललेला, आणि इंटरनेटवरच्या थोमाच्या एका प्रतीतली टायपिंगची चूकसुद्धा तशीच उतरलेली!! जुन्या कोऱ्या तुकड्यावर नवीन शाई, झालं.

रावपुरा_वाचक: ती टायपिंगची चूक वाचून अंगावर काटाच आला. म्हणजे थोमाचं बनावट नाही, जुनंच आहे, फक्त चारहींच्या आधीचं म्हणायला आधार कच्चा, असंच ना? आज संध्याकाळी मैत्रिणीला फोन करते. पोथीवाले काका, त्या शेवटच्या पानाचा फोटो टाकाल का, तिला दाखवीन.

पोथीवाला_बडोदे: हो, असंच. रविवारी घरी जाणार आहे, तेव्हा काढून टाकतो.