पगार देणाऱ्यालाच नाही कोण म्हणणार?

'ज्या बँकेचा पगार घ्यायचा तिच्याच चुका कम्प्लायन्स अधिकारी कशा दाखवणार, हे पद नावापुरतंच' हा चर्चेत मांडलेला मुद्दा मला निम्माच पटतो. (कम्प्लायन्स किंवा अनुपालन अधिकारी म्हणजे बँक नियम पाळते की नाही हे पाहणारा.) पगाराचा ताण खरा आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाचा उल्लेख इथे अजून कुणी केलेला नाही. व्यापारी बँकांच्या मुख्य अनुपालन अधिकाऱ्याला त्यानुसार किमान ३ वर्षांची मुदत मिळते. मुदतीआधी हलवायचं तर संचालक मंडळाची आगाऊ मंजुरी लागते आणि रिझर्व्ह बँकेलाही आधी कळवावं लागतं. शिवाय त्याला धंद्याचं टार्गेट देता येत नाही. तो एमडीच्या (व्यवस्थापकीय संचालकाच्या) हाताखाली असेल, तर संचालक मंडळाच्या ऑडिट समितीने दर तिमाहीला त्याला एकट्याला भेटायचं, एमडी खोलीत नसताना! माझ्या मते सगळ्यात मोलाची तरतूद हीच.

मी एका नागरी सहकारी बँकेत होतो, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. केवायसीच्या त्रुटी काढणाऱ्या आमच्या साहेबांनाच मार्चमध्ये ठेवी गोळा करायला पाठवायचे. ज्या खातेदाराकडे ठेव मागायची, त्याचेच कागद अपुरे आहेत हे लिहिणार कसं? त्यांची ती घालमेल मी जवळून पाहिली आहे. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) या नागरी सहकारी बँकेत २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांआड एकाच उद्योगसमूहाची कर्जं दडवली होती, हे २०१९ मध्ये उघड झालं. मोठ्या नागरी बँकांना मुख्य अनुपालन अधिकारी नेमणं बंधनकारक झालं ते २०२२ च्या परिपत्रकानंतर. लहान बँका त्यातून अजूनही बाहेर आहेत, आणि गावाकडच्या माणसांच्या ठेवी तिथेच असतात.